गाडीपाशी कोण थांबणार?

बाबांनी पटाचा विषय काढला तो दवाखान्यात. गुडघ्याच्या एक्स-रेसाठी रांगेत बसलो होतो आणि ते एकदम म्हणाले, "औंदा पट पाहून येऊ." तेवढ्यात आतून नंबर पुकारला आणि विषय तिथंच राहिला. मला वाटलं, विसरतील. बाबांचं वय ब्याऐंशी. सकाळची गोळी घेतली की राहिली, हे त्यांना दुपारी सांगता येत नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी चारदा विचारलं. चौथ्यांदा तर मला वगळून सुनेलाच विचारलं, तेव्हा मुकाट्यानं तारीख काढली.

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. पुण्याकडे बैलगाडा शर्यत असते, पण आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, तिचा थाट वेगळा. धान कापून, चुरून घरात आलं की संक्रांतीच्या मागंपुढं गावोगाव पट लागतात. दिवसा बैल, रात्री नाटक. पट असलेल्या गावात त्या दोन दिवसांत एकही घर पाहुण्यांवाचून राहत नाही. पोरींची स्थळं तिथंच ठरतात, उधाऱ्या तिथंच निघतात आणि जुनी भांडणंही तिथंच नव्यानं सुरू होतात. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. नागपूरहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. घर आता पडकं आहे, शेती ठेक्यानं दिलेली. पट मात्र आहे.

प्रश्न होता जायचं कसं. माझ्याकडं छोटी गाडी आहे, पण तिच्यात बाबा बसतात ते एकट्यानं आणि उतरतात ते दोघांच्या आधारानं. शिवाय मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून समोरच्या गाडीचे दिवे मला फुलबाज्यांसारखे दिसतात, आणि पटाहून परतायचं म्हणजे रात्रच होणार. म्हणून सात सीटांची गाडी ड्रायव्हरसकट भाड्यानं सांगितली. गाडीवाल्यानं फोनवर सगळं वाजवून घेतलं. कमीत कमी इतके किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, टोल तुमचा आणि शेवटी, "गाडी कच्च्यात घालायची नाही, साहेब." मी हो म्हटलं. नदीकाठच्या पटाला डांबरी रस्त्यानं पोचता येत नाही हे मला ठाऊक होतं, आणि बहुधा त्यालाही असावं.

ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा होता. बाबा पुढं बसले. उमरेडच्या कोळशाच्या खाणींचे काळे ढिगारे दिसेपर्यंत त्यांनी त्याचं गाव काढलं (लाखांदूरकडचा निघाला), मग मामाचं गाव काढलं, मग त्या गावातली आपली एक आतेबहीण काढली. भिवापूर येईस्तोवर बाबांचे "आबाजी" झाले होते आणि मी मागच्या सीटवर एकटा पडलो होतो. भिवापुरात रस्त्याच्या कडेला मिरचीची पोती होती. बाबांनी काच खाली करून नुसता वास घेतला आणि ठसका लागला. नागभीडला त्यांनी छोटी लाइन विचारली. नागपूर-नागभीडची ती नॅरोगेज 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, हे त्यांना मी दरवेळी सांगतो. दरवेळी ते "अरेच्च्या" म्हणतात.

"तुया घरी बैल हायेत का?" बाबांनी विचारलं.

"होती ना जी पटाची जोड. बंदीत इकली. बाबा म्हने, पट नाई तं खाऊ कायले घालाचं?"

बंदीचा तो काळ झाडीपट्टीत अजून तारखेसारखा वापरला जातो. "बंदीच्या आधी लगन झालं", "बंदीत म्हातारी गेली" असं. 2011 साली केंद्रानं खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती पार थांबवल्या. 2017 मध्ये राज्यानं कायदा बदलला, पण त्यालाही स्थगिती मिळाली. पट सुटला तो डिसेंबर 2021 मध्ये, अटी घालून, आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं तो कायदा मान्य केला. म्हणजे साडेसात वर्षं सलग जोड्या उभ्या. पटाचा बैल नांगराला धरत नाहीत. त्याला भिजवलेले चणे, कणकेचे गोळे, अंडी असं चारून हौसेनं वाढवलेलं असतं. असा बैल दावणीला नुसता बांधून ठेवणं लहान कास्तकाराच्या आवाक्यातलं नसतं.

बंदी आली तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. लहानपणी मी पटात तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला ठोकलेली आर पाहिली आहे, आणि धावून आलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यावरचं रक्तही. आता परवानगीला कलेक्टर लागतो, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो, मारायला, टोचायला मनाई आहे. सगळीकडं पाळतात असं मी म्हणणार नाही. पण मागच्यापेक्षा फरक आहे, आणि तो बैलांच्या पाठीवर दिसतो.

ब्रह्मपुरी सोडल्यावर पुढं एक पिकअप लागली. मागच्या हौद्यात दोन पांढरे बैल. खाली तणसाचा वीतभर थर, दोन्ही बाजूंच्या फळ्यांना गोधड्या बांधलेल्या, शिंगांना तेल लावून चकचकीत केलेली. एक माणूस दोघांच्या मध्ये वेसणी धरून उभा आणि गतिरोधक आला की तो टपावर हात मारून ओरडायचा, "हळू बे, हळू!" पिकअपवाला इतक्या अलगद गाडी घालत होता की जणू काचेचं सामान आहे. उजवीकडचा बैल फळीवर मान टेकवून रवंथ करत आमच्याकडं पाहत होता. बाबा बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "मायापेक्षा मऊ बसले हायेत हे."

पूर्वी पटाचे बैल आदल्या दिवशी चालत निघत, वाटेत पाहुण्याच्या गोठ्यात मुक्काम करत. आता गाडी ओढणाऱ्यांनाच गाडी लागते, ड्रायव्हरसकट. आमचा पोरगा त्यांना ओव्हरटेक करीना. "वारा लागन जी तेयले," म्हणाला.

गाव तीन किलोमीटरवर राहिलं आणि रस्ता बंद झाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये बाया-पोरं, मोटारसायकलवर तिघं-तिघं, मध्येच एक काळीपिवळी, आईस्क्रीमची हातगाडी, आणि आम्ही. इंच-इंच पुढं. अशा वेळी करायला काही नसतं, म्हणून मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. इंग्लंडात रेडिंगला असलेल्या भाच्याचा लगेच फोन आला. तिथं टेम्स नदीवर हेन्ली नावाचं गाव आहे, आणि दर उन्हाळ्यात तिथं होड्यांची शर्यत भरते, 1839 पासून. गेल्या वर्षी तो गेला होता. म्हणाला, "मामाजी, सेम! इथंपण दोन-दोनच सोडतात. हरली ती घरी, जिंकली ती पुढं." अंतर म्हणे एक मैल आणि साडेपाचशे यार्ड. तो बिचारा ट्वायफर्डला गाडी बदलून छोट्या फाट्याच्या रेल्वेनं गेला होता. त्याच्या कंपनीचे बडे पाहुणे मात्र शोफरच्या काळ्या गाड्यांतून आले, आणि त्या गाड्या गावच्या जुन्या दगडी पुलाशी अशाच खोळंबल्या होत्या. आतल्या मानाच्या अंगणात पुरुषांना कोट-टाय सक्तीचा, बायकांचा झगा गुडघ्याखाली हवा, आणि फोनवर बोलायला बंदी. मी फोन खिडकीबाहेर धरून त्याला आमचा भोंगा ऐकवला.

"आन त्या शोफर लोकाइनं पाह्यली का शर्यत?" बाबांनी मध्येच विचारलं. फोन कटला होता. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, पण मनातून सोडलाही नसावा. कारण मग त्यांनी रेंगीची गोष्ट काढली.

ही गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे, तुकड्यातुकड्यांत. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच, 1951 साली गेली होती. आमचे पणजोबा मालगुजार नव्हते, पण दोन जोड बैलांचे कास्तकार, आणि घरी रेंगी होती. रेंगी म्हणजे माणसांपुरती हलकी बैलगाडी. तिच्यात गादी घालून आजोबा-नातू पटाला जायचे आणि हाकायला सालदार. तिकडं पोचलं की सालदार बैल सोडून मोहाच्या झाडाखाली बांधायचा, पुढ्यात तणीस टाकायचा आणि तिथंच बसायचा. बैल सोडून जाणार कसं? जोतं कोणी नेलं तर, दुसरा बैल येऊन शिंग मारलं तर. झाडाखालून त्याला फक्त धूळ दिसायची आणि आरडाओरडा ऐकू यायचा.

"परतीले मले इचारे," बाबा म्हणाले, "कोनाची जोड आली, बाबू? मी मागं बसून सांगो. आबाजी झोपून जात. मी सांगतच राहो. तो हाकता हाकता म्हने, हं, मंग? हं, मंग? मले वाटे, मी केवढा मोठा मानूस."

ड्रायव्हर हसला नाही. त्यानं नुसतं पाणी पुढं केलं.

पार्किंग म्हणजे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या होत्या. धुरा, म्हणजे बांध, एका जागी फोडून गाड्यांना वाट केलेली, त्यातून आत जाताना आमच्या गाडीचं पोट खालून खरवडलं. पोरगा दातांखाली काहीतरी बोलला. गाडीवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्यानं आम्हाला वाटेच्या तोंडाशीच थांबवलं, "इथंच लावा, म्हातारं मानूस हाय ना." माणूस मायाळू होता, जागा मात्र चुकीची होती. ते पुढं कळलं.

तिथून पटापर्यंत पाऊण किलोमीटर होतं, नदीकाठच्या भुसभुशीत मातीतून. बाबा उतरले, काठी टेकली, पाचसहा पावलं चालले आणि उभे राहिले. गुडघ्याकडं पाहिलं, मग धुळीकडं. "तू जाय पुढं," म्हणाले. "कोनाचा ट्रॅक्टर भेटला तं सांग. मी बसतो." मी ट्रॅक्टर शोधायला निघालो. ड्रायव्हर दाराशी उभा होता. पटाकडं पाठ करून, मुद्दाम.

पटाचं काय सांगू. दोन समांतर चाकोऱ्या, दोन्हीकडं दोर लावून माणसांच्या भिंती, पलीकडं वैनगंगेचं पाणी उन्हात थंड पडलेलं. आमच्याकडं दोन जोड्या एकदम सोडतात; अमरावतीकडं एकेक जोडी घड्याळावर पळवतात, सेकंदाचे हिशेब लावून. मला आमचीच रीत आवडते. सेकंद कोणाला दिसतो? सुरुवातीच्या रेघेवर चार-पाच जण बैलांना धरून ठेवतात, बैल थरथरत असतात, धुरकरी त्या फळीएवढ्या छकड्यावर उकिडवा बसतो आणि झेंडी पडते. मग जे होतं ते तुम्ही पाहत नाही, ते तुमच्या तळपायातून वर येतं. एक आवाज, एक वाफाळलेला वास आणि धूळ. धूळ खाली बसते तेव्हा सगळे निकालाच्या टोकाकडं पळत असतात. मी तीन झेंड्या पाहिल्या. तिसऱ्या वेळी डावीकडची जोड चाकोरी सोडून थेट माणसांत शिरली, लोक दोन्हीकडं फाटले आणि पुन्हा शिवल्यासारखे जुळले. कोणाला लागलं नाही. एक आलुबोंड्यांची परात तेवढी गेली. तिचा मालक बराच वेळ बैलांच्या मालकाचं गाव विचारत फिरत होता.

ट्रॅक्टर मिळाला नाही. परत फिरलो तेव्हा भोंग्यावरचा माणूस सांगत होता, "नागपूरच्या पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर जेथे असन तेथून गाडीपाशी यावे. आपली गाडी जोडीच्या रस्त्यात उभी आहे." दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आवाजातला "आपली" गळाला.

धावत गेलो. वाटेच्या तोंडाशी आमची गाडी आडवी, तिच्यामागं ती पांढऱ्या बैलांची पिकअप, तिच्यामागं आणखी दहाबारा गाड्या आणि हॉर्नचा नुसता कालवा. ड्रायव्हरच्या सीटवर बाबा. काच खाली, एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात किल्ली.

"बाबा, पोरगा कुठंय?"

"पट पाहाले धाडला."

"अहो, रस्ता अडलाय!"

"मंग मी का करू? मले चालवता येते का?" मग जरा थांबून, "म्या सांगतलं तेले, मी पाहातो गाडी, तू पट पाहा. जाये ना. जबरदस्तीनं धाडला."

बिल्लेवाले दोघंतिघं घाम पुसत उभे. त्यांनी गाडी ढकलायची तयारी केली, पण हँडब्रेक बाबांनी इतका ओढून ठेवला होता की माझ्या हातानं सुटेना, आणि सुटला असता तर उतारावर काय झालं असतं याचा विचारही नको. मला भयंकर लाज वाटत होती. पोरावर राग येत होता, बाबांवर त्याहून जास्त. सव्वाशे किलोमीटर आलो ते पट पाहायला, आणि हे बसलेत गाडीची राखण करत.

शेवटी पिकअपवाल्या मालकानंच निकाल लावला. "उतरवा इथंच. चालत नेऊ." मागची फळी पाडली, तणसाचे भारे रचून उतार केला आणि दोन्ही बैल एकामागून एक खाली आले. वाट एवढी अरुंद की आमच्या गाडीला घासूनच जावं लागणार होतं. पहिला गेला. दुसरा बाबांच्या खिडकीशी आला आणि पुढचे थांबले म्हणून थांबला. त्याचं वशिंड बरोबर काचेच्या उंचीवर होतं. बाबांनी हात बाहेर काढला आणि ठेवला. बैलाची कातडी नुसती थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी. बाबांनी हात उचलला नाही. बोटं पसरून तो हळूहळू मानेकडं नेला, वशिंडापुढं, जिथं जू घासून केस गेलेले असतात तिथं. तिथं केस गेलेले नव्हते. "नांगराले नाई धरला कधी," ते कोणाशी तरी बोलले. बैलाच्या तोंडाला चण्याचा वास येत होता, तो मला उभ्या जागी आला.

"चाला!" पुढून हाक आली. बैल गेला. बाबांनी हात आत घेतला आणि नाकाशी धरला.

पोरगा आला अर्ध्या तासानं. डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं पिवळा, तोंडात खर्रा, डोळे चमकत होते.

"भोंगा ऐकला नाहीस?"

"आयकलो ना जी." खाली पाहून, "पन जोड सुटाची होती."

मी काही बोलणार, तर बाबा सरकून आपल्या सीटवर जायची खटपट करू लागले. त्याला हात देण्यात बोलणं राहून गेलं.

नाटकाला थांबलो नाही. पाहुण्याकडं वाटीभर लाखोळीचं वरण आणि भात खाऊन अंधार पडता निघालो. नदीवर धुकं धरलं होतं. ब्रह्मपुरीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही, मला वाटलं बाबा झोपले. मग अंधारातून त्यांचा आवाज आला.

"ते पांढरे होते ना. मायाजवळून गेले ते. कशी पलाली जोड?"

पोरानं आरशातून एकदा माझ्याकडं पाहिलं. "सांगू का जी?"

"सांग ना."

"झेंडी पडाच्या आधीच उजवा उसळला, आबाजी. धरनारे दोघं खाली पडले. धुरकरी म्हने थांबा थांबा, पन कोन थांबते? बाजूची लाल जोड दोन हात पुढं होती. अर्ध्यापर्यंत पुढंच. मंग डाव्यानं मान अशी खाली घातली..."

मान कशी ते दाखवायला त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले.

"अरे, समोर पाहा!" मी ओरडलो.

"तू गप राय," बाबा म्हणाले, आणि पुढं वळून बसले. "हं, मंग?"